आबांनी ठेवलेलं नाव, मालकानं ठेवलेलं नाव

१२ जानेवारी ९८, सांगली
मिलिंद आबांना माझ्या खोलीवर सोडून गेला. धाकटा भाऊ, मिल्ट्रीत. सुट्टी संपली त्याची. "आक्का, पलूसला बघायला कोण न्हाई. छातीत पाणी झालंय. इथं निदान दवाखाना तरी हाय." आबा खाटंवर बसले ते भिंतीकडं तोंड करून. वीस वर्सांनी बाप दारात आला आणि बोलला काय, तर "ए बाई, पाणी दे."
बाई. लेक हाय मी तुमची. मरायच्या आधी एकदा नावानं हाक मारावी, दुसरं काय मागत न्हाई. पाणी दिलं.

१४ जाने.
क्लास. महिला मंडळाचा हॉल. डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, सगळ्या पोट कमी करायला आल्यात. कंबर हलवा म्हणलं की आधी पदर सावरतात. म्हणलं, पोट सोडा. पोट आत ओढून बेली डान्स हुत न्हाई, नुसता फोटो निघतो. हसत बसल्या. मला हसण्याचा कटाळा येतो. शिकायचं तर शिका.
मंडळाच्या चिटणीसबाई म्हणल्या, "मॅडम, एक तारखेच्या गॅदरिंगला माइकवरून तुमची ओळख करून द्यायचीय. नेफ्रा हे नाव तिकडचंच ना? आई इजिप्तच्या की वडील? नाकडोळे अगदी तसेच आहेत हो तुमचे."
पलूसचं नाक हाय बाई ते. नंतर सांगती म्हणलं आणि निघाले.

१५ जाने.
काय सांगायचं त्यांना. साताऱ्यात ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या भिंतीवर कॅलेंडर हुतं, त्यावर मिसरची, म्हंजे इजिप्तची, राणी. उंच टोपी, लांब मान. मालक एकदा कॅलेंडरकडं बघाय लागला, एकदा माझ्याकडं. म्हणला, आजपासनं तू नेफ्रा. माइकवर मग "थेट मिसर देशाहून". ज्या गावात खेळ, ते गाव सोडेपर्यंत मराठी बोलायची बंदी. औंधला तहानेनं जीव चालला हुता, चहावाल्याला हातानं खुणा केल्या. तो शेजाऱ्याला म्हणतो, "मुकी हाय काय रं? नाचती तर झ्याक." दुसरा म्हणला ते लिहीत न्हाई. सगळं कळत हुतं आणि मी राणीवाणी मान ताठ करून उभी.
नाच शिकवला मिरजेच्या हसीनाबाईनं. ती मुंबईत हाटेलात नाचलेली. मिसर तिनं पण बघितलं न्हवतं.

१९ जाने.
वकिलीणबाईनं दारातनं हाक मारली, "नेफ्रा मॅडम, आज क्लास आहे का?" न्हाई म्हणून लावून दिली. आत आले तर आबांनी ताट सारलेलं.
"कोण नेफ्रा?"
"मी."
"तुजी आजी तुला नकुसा म्हणायची. तिसरी पोर झाली म्हणून. दीक्षा घिऊन घरी आलो आन् पयलं तुजं नाव बदाललं. सुजाता. माझ्या आईसंगं भांडलो त्या नावापायी. त्ये टाकून कुण्या राणीचं लावलंस. लाज वाटली आमची."
पुढं खोकलाच. भाकरी शिवली न्हाई. मी भांडी आपटली.

२० जाने.
लाज. मला. कालपासनं डोस्कं भणभणतंय.
दीक्षेनंतर आबांनी हलगी विहिरीत टाकली. मी ल्हान हुते, पण ध्यानात हाय. यात्रेला सांगावा आला, वाजवायला या. आबा म्हणले, आता आमी कुणापुढं वाजवणार न्हाई, आमची पोरंबी न्हाई. त्या सालापासनं गावानं रानातलं काम बंद केलं आमचं. आईनं भाजीच्या पाल्यावर दिवस काढले. आबा हलले न्हाईत.
त्याच माणसाची लेक स्टेजवर. माइकवर नाव-गाव पुकारलं असतं तर अख्खा तालुका म्हणला असता, बापानं हलगी टाकली आन् लेकीनं चाळ बांधलं. म्हणून नेफ्रा. म्हणून मुकी. हे कधी बोलले न्हाई त्यांच्याशी. कवा बोलणार, दारात उभं करत न्हवते.

२२ जाने.
आबांना सकाळी दम लागला. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात. ॲडमिट. छातीतनं पाणी काढलं, पिवळं.

२५ जाने.
आज मीच बोलले. कॉटपाशी बसून, आजूबाजूची माणसं ऐकत हुती तरी. म्हणलं, "आबा, तुमचं नाव माइकवर नको म्हणून दुसरं घेतलं. लाज न्हवं."
आबांनी तोंड भिंतीकडं केलं. मग, "नाचायचंच कशाला हुतं?"
"नवऱ्यानं हाकलली तवा तुमच्याच दारात आले हुते. तुमी म्हणला परत जा. कुठं जाऊ? खायला कोण घालणार हुतं?"
आबांनी तोंडावर चादर घेतली. शेजारच्या कॉटवरची म्हातारी म्हणली, "आजारी माणसाला असं बोलतंय व्हय गं कोण?" तुमी झोपा म्हणलं तिला.

२८ जाने.
चिटणीसबाई रस्त्यात भेटल्या. क्लास का बंद? म्हणलं वडील दवाखान्यात हायत.
"अय्या, इजिप्तहून आले?"
"पलूसहून. यष्टीनं."
तोंड बघण्यासारखं झालं. मग आवाज बारीक करून, "आडनाव काय मग तुमचं?" सांगितलं. "असं होय," म्हणल्या. हे "असं होय" मी लय ऐकलंय. चहाचा कप वेगळा निघायच्या आधी हेच येतं. जाता जाता म्हणल्या, "स्टेजवर नेफ्राच राहू दे हं. बोर्ड रंगवून झालाय. आणि बायकांना कसं वाटेल."
बायकांना.

३० जाने.
आबा जेवत न्हाईत. मिलिंदला तार केली. मोसंबीचा रस चमच्यानं घातला, दोन घोट घेतलं. माझ्या हातनं घेतलं हे खरं. पण डोळं मिटून.

३१ जाने.
नवीन सिस्टर आली डूटीवर, केरळची. आबांना विचारलं, "काका, जवळ कोण आहे तुमच्या?"
आबा म्हणले, "लेक."
मी खिडकीपाशी हुते. तिथंच थांबले.
"नाव काय मुलीचं?"
आबा म्हणले, "तिलाच इचारा. तिच्याकडं दोन हायत."
सिस्टर पेन धरून माझ्याकडं बघाय लागली. सुजाता, म्हणलं. तिला कळलं न्हाई असं वाटून परत म्हणलं, जरा मोठ्यानं. आबांनी चादरीवरचा हात हलवला. मला हलवला का सलाईनची सुई टोचत हुती, काय कळलं न्हाई. सिस्टरनं बाटली बघितली आणि गेली.
डॉक्टर म्हणले, उद्याचा दिवस निघू दे, मग बघू. गॅदरिंग पण उद्याच, पाच वाजता. चिटणीसबाईंना निरोप धाडलाय, माझी ओळख मीच करून देणार, माइक माझ्या हातात पायजे. तिकडनं हो पण न्हाई, नको पण न्हाई.
मिलिंदचा पत्ता न्हाई. कॉटपाशी दुसरं कोण न्हाई. पाचला मी इथनं उठले आणि तेवढ्यात आबांनी नावानं हाक मारली तर?