गुरुजीच्या खात्यावर चालणारा टॅब

४ मार्च

वही घेतली तेव्हा रोज लिहायचं ठरवलं होतं. एक ओळसुद्धा लिहिली नाही. कधी पाय दुखले, कधी पेन सापडेना, एकदा तर वहीच उशाला घेऊन झोपलो. आज चादरी वाळत नाहीयेत आणि दुसरं काम नाही, म्हणून बसलोय.

या लॉजवर मी चादरी धुतो, घड्या घालतो. पाहुणे विसरून गेलेली वस्तू इथे काही महिने कपाटात ठेवतात. कोणी विचारलं नाही तर जो ती खोली आवरतो त्याची. आज मालकीणबाईंनी माझ्या हातात पुस्तकं वाचायचं यंत्र ठेवलं. "वाच जरा, डोकं ठिकाणावर येईल."

मी आणि वाचणार! शाळेत धडा संपेपर्यंत बाकावर टिकलो नाही कधी. विकून परवा निघायचं असं ठरवलं होतं. पण गुरुजी म्हणाला, "विकतोस काय येड्या? याच्यात टॅबचं सॉफ्टवेअर बसतं. लोकांनीच बनवलंय. नकाशे, बसच्या वेळा, सगळं दिसेल. तुझा फोन तर गेला नदीत."

"आणि बिघडलं तर?"

"तर चहाचा ट्रे."

गुरुजी म्हणजे काउंटरवर बसणारा माझा दोस्त. वयाने माझ्याएवढाच, पण सारखा शिकवत असतो म्हणून हे नाव. तीन गावं झाली, आम्ही बरोबर फिरतोय. माझा म्हणावा असा तोच एक.

५ मार्च

काही झालं नाही. केबल आणायला गेलो, वाटेत होडी रंगवत होते ती बघत बसलो. केबल राहिली.

७ मार्च

आज बसवलं. आधी यंत्र पूर्ण चार्ज केलं, मग काउंटरच्या कॉम्प्युटरला जोडलं. मूळ सॉफ्टवेअरची प्रत काढून ठेवली. गुरुजी म्हणे, परतीचं दार उघडं ठेवावं माणसाने. मग बटण दाबून धरलं आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला. मालकीणबाई मागून म्हणाल्या, "झाला का ट्रे?"

गुरुजी घामाघूम. केबल बदलली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. आणि उजाडलं! चक्क टॅब. रंग नाहीत, कासवासारखा चालतो, पण नकाशा उघडला.

खातं उघडायला फोनवर येणारा कोड लागतो. माझ्याकडे फोन कुठला? मग गुरुजीने स्वतःचं खातं टाकलं. "तात्पुरतं आहे, नंतर बदलू."

८ मार्च

या पडद्याची एक गंमत आहे. पान बदललं तरी आधीच्या पानाची फिकट सावली मागे राहते. रस्त्याच्या नकाशावर बसचं वेळापत्रक! दिवसभर तेच खेळत बसलो. चादरी तशाच. बोलणी खाल्ली.

१० मार्च

चादरी तशाच टाकून लिहायला बसलोय.

दुपारी नकाशा बघत होतो. वरून एक निरोप सरकला आणि गेला. गुरुजीच्या खात्यावरचे निरोप इथे येतात हे त्याच्याही ध्यानात आलं नसणार. निरोप गेला, सावली राहिली. ती वाचली. वर नाव होतं, 'याचं घर.'

मग सगळे उघडून वाचले. दुसऱ्याचे वाचू नयेत. वाचले.

"अजून तिथेच आहेत ना? हलले तर लगेच कळवा."

गुरुजीचं उत्तर: "आहे. निघायच्या बेतात होता, पण एका यंत्राच्या नादी लावलंय. आठवडाभर हलत नाही."

"तिथे बायकांना वेगळी खोली असते का?"

"असते."

म्हणजे मी कोणा पोरीबरोबर राहतोय का, याचीही चौकशी! हे दादाशिवाय कोणाचं काम नाही. तो परक्याशी नेहमीच गोड बोलतो, हात फक्त घरच्यांवर चालतो. आमच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्याने माझ्या मुस्काटात मारली, त्याच दिवशी मी घर सोडलं. आत वहिनी उभी होती, नेहमीसारखी गप्प. त्यानंतर एकदाच गुरुजीच्या फोनवरून घरी फोन लावला होता. दादाचा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. तिथूनच नंबर मिळाला असणार.

टॅब हवा होता मला. आणि तो मला खुंटीला बांधत होता.

११ मार्च

काउंटरवर जाऊन पडदाच त्याच्यापुढे धरला. पांढराफटक पडला.

"किती दिवस चाललंय?"

"मागच्या गावापासून."

"दादाने काय कबूल केलं तुला?"

"तुला वाटतं तसं नाहीये."

"मग कसं आहे? शिकव ना, गुरुजी आहेस ना तू?"

"सांगता येत नाही. शब्द दिलाय. दोन दिवस थांब, मग हवं तर थोबाड फोड."

म्हणजे दोन दिवसांत दादा येतोय. तीन गावं एका ताटात जेवलो याच्याबरोबर. तापात त्याने माझं डोकं चेपलं होतं. ते आठवलं आणि जास्तच राग आला.

१२ मार्च

बॅग भरली. दुपारची बस. टॅब त्याच्या खाटेवर टाकून आलो. त्याचंच खातं, त्यालाच लखलाभ.

१२ मार्च, दुपार

बस सोडली.

जिना उतरलो तर काउंटरपाशी वहिनी. एकटी. हातात कापडी पिशवी, ओठ सुजलेला. मी बाहेर पाहिलं, दादा कुठे दिसतो का.

"ते नाहीत," ती म्हणाली. "त्यांना माहीत नाही. दुपारी ते झोपले की त्यांच्या फोनवरून मीच विचारायची, मग पुसून टाकायची. भाऊजी, तुमच्याशिवाय जायला दुसरं कुठे नव्हतं. तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही त्यांच्याशी भांडायला घरी आला असतात, म्हणून तुमच्या या दोस्ताला शपथ घातली."

गुरुजी खाली मान घालून उभा.

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.