रस्त्याच्या या बाजूचा पिनकोड

१२ सप्टेंबर, सोमवार
विमा कंपनीचं पत्र. नवार्दच्या जुन्या गाडीचा हप्ता वर्षाला अठराशे डॉलर! माझ्या पोरीने आजवर गाडीखाली मुंगीसुद्धा चिरडली नाही. कारण काय, तर आमचा पिनकोड. फ्रेस्नो शहराची रेघ नेमकी आमच्या रस्त्याच्या मधोमध ओढली आहे. समोरच्या डिकरानचा पिनकोड वेगळा, हप्ता निम्मा. डिकरानचा! ज्याने चर्चच्या आवारात पाद्रीबाबांची उभी गाडी ठोकली!
कंपनीला फोन केला. अर्धा तास बाजा ऐकवला. मग एक बाई म्हणाली, सर, तुमच्या भागात अपघात जास्त होतात. मी म्हणालो, समोरचे लोक इकडे येऊन करतात. बाईने फोन ठेवला.

१३ सप्टेंबर
नवार्दला मोठ्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, एक ऑक्टोबरपासून. बसने दीड तास, म्हणजे गाडीच हवी. जेवताना हळूच म्हणाली, बाबा, डिकरानकाकांची मागची खोली रिकामी आहे, तिथे राहिले तर हप्ता निम्मा होईल.
मी पिलाव टाकून उठलो. (नंतर येऊन खाल्ला.)
निश्चय: नोव्हेंबरच्या मतदानात गाडीच्या विम्याच्या कायद्यावर लोकांनीच थेट मत द्यायचं आहे. कायदा बदलायचा. पोर घरात ठेवायची.

१९ सप्टेंबर
सरकारकडून मतदारांची पुस्तिका आली. दीडशे पानं. विम्यावर एक नाही, पाच प्रस्ताव, ५१ ते ५५. पाचही म्हणतात हप्ता कमी करू. माझी बायको अरुस्याक चष्मा लावून वाचत बसली. या बाईला कूपनसुद्धा मागून-पुढून वाचायची सवय. मी म्हणालो, ज्याला स्वतःचं मत आहे त्याला पुस्तक लागत नाही.
जेवणाच्या टेबलाचा एक पाय अकरा वर्षं आखूड आहे. पुस्तिका खाली बरोबर बसली. सरकार पहिल्यांदा उपयोगी पडलं.

२५ सप्टेंबर, रविवार
उत्तम दिवस! आम्ही फासे-सोंगट्या खेळतो त्या बॅकगॅमनच्या क्लबात एक सूटवाला आला होता. प्रस्ताव ५४ चा माणूस. सगळ्यांना कबाब खिलवले. मला म्हणाला, मिहरानसाहेब, तुमच्यासारखा संतापलेला माणूस आम्हाला हवाच होता. पन्नास फलक दिले, फुकट. गुळगुळीत, निळे, लोखंडी खुंटीसकट. वर लिहिलंय, 'चांगल्या चालकाला न्याय – ५४'. म्हणजे मीच की!
अरुस्याक म्हणाली, असले फलक फुकट वाटायला पैसा कुणाचा, ते विचारलंत का? आणि एक्केचाळिसावं पान वाचा. या घरात चांगलं काही बघवत नाही कुणाला.

१ ऑक्टोबर
नवार्द गेली. दोन बॅगा, उशी, आणि माझा रेडिओ. डिकरानने हसत हसत बॅगा उचलल्या. म्हणाला, मिहरान, काळजी करू नकोस, माझीच पोर समज. समजतो कशाला? ती माझीच आहे!
निश्चय: आठ नोव्हेंबरनंतर याच बॅगा मी उचलणार.

५ ऑक्टोबर
डिकरानने अंगणात फलक लावला. ५२. पुठ्ठ्याचा, हाताने रंगवलेला, अक्षरं उतरत गेलेली. असल्या भिकार फलकाने कायदे होतात? गाडी मागे घेताना त्याकडेच बघत होतो. त्याची टपालपेटी आडवी झाली. ती आधीपासूनच वाकडी होती.

१६ ऑक्टोबर
आमच्या बाजूच्या प्रत्येक अंगणात निळा फलक. घरोघर जाऊन भांडलो. म्हाताऱ्या सातेनिकबाईंनी दार लावलं, तर खिडकीतून समजावलं. मनुक्यांच्या कारखान्यात माझ्या हाताखालची सगळी पाळी ५४ वाली झाली. मतदानाला माझ्या गाडीतून नेतो म्हणालो. चौदा जण म्हणाले, चालत जातो, पण ५४ लाच देतो.

८ नोव्हेंबर, मंगळवार
मतदान केलं. शिक्का असा दाबला की टेबल हललं. येताना नवार्दच्या खोलीच्या खिडक्या पुसल्या. द्राक्षाच्या पानांत भात भरून डॉल्मा करायला सांगितलं, तिघांपुरता. अरुस्याकने केला.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
जिंकलो! टीव्हीवर सांगितलं, मतदारांनी विमा कंपन्यांना धूळ चारली! पायजम्यावरच अंगणात जाऊन डिकरानच्या घराकडे बघून ओरडलो. तोही दारात येऊन आनंदाने ओरडला. तो का ओरडला?

सकाळी ७.२०
५२ जिंकला.

१० नोव्हेंबर
अरुस्याकने पेपर मोठ्याने वाचला. गरज नव्हती. ५४ शहरभर आपटला. फक्त एका केंद्रावर निवडून आला. आमच्या.
टेबलाखालून पुस्तिका काढली. टेबल कललं, कॉफी सांडली. पान ४१. प्रस्ताव ५४ मांडणारे: विमा कंपन्या. पिनकोडवरून हप्ता कायम ठेवणार, आणि पुढे कुणाला बदलता येऊ नये अशी सोय. पिनकोड काढणारा होता ५२. इतक्या बारीक अक्षरात छापतात! चोर! सूटवाल्याचा फोन बंद आहे. क्लबात कुणी माझ्यासमोर सोंगट्या मांडत नाही. सातेनिकबाई खिडकीतूनच म्हणाल्या, आता का समजवायला येत नाहीस?

२० नोव्हेंबर, रविवार
डिकरानकडे गेलो. पेटी त्याने सरळ केली आहे. नवार्दला म्हणालो, कायदा आला, आता पिनकोडचं कारण उरलं नाही, बॅगा दे. तिने विचारलं, बाबा, तुम्ही मत कुणाला दिलंत?
मी म्हणालो, मतदान गुप्त असतं.
ती हसली नाही. कॉफी दिली. म्हणाली, कायदा लागू व्हायला वेळ लागेल, कंपन्या कोर्टात गेल्यात. आणि नसत्या गेल्या तरी मी इथे बरी आहे. रात्रपाळी करून येते, झोपते. इथे सकाळी कुणी ओरडत नाही.
मी ओरडणार होतो. नाही ओरडलो.
डॉल्म्याचा डबा ठेवून आलो. तिने दारापर्यंत सोडलं, रस्ता बघून ओलांडा म्हणाली.

संध्याकाळी सगळे फलक उपटले. खुंट्या मजबूत आहेत. वसंतात टोमॅटोला आधार द्यायला होतील. नवार्दला आमच्या परसातले टोमॅटो आवडतात. न्यायला येईल. रस्ता ओलांडायला विमा लागत नाही.