देवघरापुढचा पडदा

सारंग,

देवघरापुढचा पडदा मी काढून कपाटात टाकला आहे. परत लावू नकोस.

मी घरी निबंधाचा वर्ग सुरू केला तेव्हा तू म्हणालास, चर्चला जाणाऱ्या घरांतली मुलं आहेत, शाळेत न जाता घरीच शिकणारी, आपले देव बघून त्यांच्या आया बिचकतील. मला पटलं नव्हतं, तरी तुला पडदा लावू दिला. माझंच चुकलं.

गेल्या आठवड्यात मुलांना सांगितलं, या खोलीतल्या एका वस्तूबद्दल मनापासून खरं लिहा. अबिगेलने पडद्याबद्दल पानभर लिहिलं. पहिल्याच दिवशी उदबत्तीचा वास आला होता म्हणे, त्यामुळे मागे काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी लिहिते, टीचर आमच्या घरी आल्या तर आई भिंतीवरचा क्रूस उतरवणार नाही. चौदा वर्षांच्या पोरीने माझे कान उपटले, आणि निबंध वर्गात सगळ्यांत चांगला तिचाच आहे.

तो तिच्या आईने वाचला. सकाळी फोन आला, भेटायचंय म्हणाली. आवाजावरून काही कळलं नाही. बेडोकला त्यांच्या घरी जाऊन येते. तिने अबिगेलला काढलं तर बाकीच्याही काढतील. काढू देत, मी दुसरी मुलं शोधीन.

मला उशीर झाला तर तीन वाजता मुलांना दार तू उघड. फ्रिजमध्ये बार्लीचं पाणी आहे, ते दे. आणि मुलं यायच्या आधी देवापुढे उदबत्ती लाव. तूच लाव.

वैजू