रांगोळीतला हत्ती आणि ताऱ्यांचा ढग

इंदिरानगर, नाशिक
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी सव्वासात. (दुकानात गिऱ्हाईक नाही. तांदळाच्या पोत्यावर बसून लिहीत आहे.)

ती. पूजाताईस शेखरचा नमस्कार.

निफाडला थंडी पडली असेल. तुझा खोकला कसा आहे? भाऊजींना आणि कॉलेजातल्या तुझ्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेलाही नमस्कार सांग. आम्ही सर्व मजेत आहोत, म्हणजे आज सकाळच्या कार्यक्रमापर्यंत होतो.

बारावीला फिजिक्समध्ये आपटल्यापासून अण्णा मला दुकानातून हलू देत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरू का, असे विचारले तर म्हणाले, "सोसायटीच्या हॉलात चार माणसांना एक गोष्ट समजावून दाखव. समजली तर फॉर्म. नायतर घोटीच्या राईस मिलचे फेरे तुझ्याकडं, कायमचे." मी विषय निवडला ताऱ्यांचा जन्म. (सोपा निवडायला हवा होता असे आईचे मत पडले. मलाही ते पटले, पण हॉलमध्ये.)

आता तुला सांगायला नको, पण अवकाशातला वायूचा ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळू पाहतो आणि त्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र त्याला धरून ठेवते. ते क्षेत्र दाखवण्यासाठी मी फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडाचा कीस आणला, चाळला, पुन्हा चाळला आणि सांडू नये म्हणून आईच्या रांगोळीच्या रिकाम्या डब्यात भरला. हॉलमध्ये तो काचेवर पसरून खालून चुंबक फिरवला. काहीच हलेना. चुंबक उलटा केला, सुलटा केला. अध्यक्ष ढुंढिराजकाका म्हणाले, "अरे शेखर, तुझा ढग झोपलाय. चहा पाज त्याला!" मुले खिदळली. अण्णा घड्याळ बघू लागले (ते बंद आहे, म्हणजे राग खरा होता). तेवढ्यात दारात रांगोळी काढणारी आई म्हणाली, "आज हा काळा रंग भलताच जड लागतोय, बाई."

मी धावलो. डबे बदलले होते! काचेवर होती आईची काळी रांगोळी, आणि माझ्या किसाचा दारात झाला होता हत्ती, झुलीसकट. मी चुंबक कागदात गुंडाळून वर धरला, तशी सोंडेच्या किसाची टोके ताठ उभी राहिली. (आईने कपाळावर हात मारला.) सगळा हॉल दारात जमला. मी सांगितले की कीस फक्त क्षेत्राच्या रेषा दाखवतो, खरा ढग असा दिसत नाही. ढगातले विजेचा भार असलेले कण या रेषांना धरून राहतात आणि बाकीच्या वायूला अडवतात. पण तो वायू हळूहळू त्यांच्यामधून निसटतो, आत जमतो आणि अखेर तारा होतो.

"अन् चुंबक नसता तर?" अण्णांनी विचारले.

"ढग फार लवकर कोसळले असते."

"आणि चुंबकानं वायूला कधीच सोडलं नसतं तर?"

"मग तारा झालाच नसता, अण्णा."

अण्णांनी चुंबकाने विस्कटलेल्या हत्तीच्या उरलेल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाले, "चल, दुकान उघडायचंय." एवढेच.

तुझा,
शेखर

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच अण्णांनी फॉर्मची फी काउंटरवर आणून ठेवली! ताई, आता खरे काम सांगतो. दर रविवारी तुझ्याकडे फिजिक्स शिकायला येऊ का? जेवून येईन. (थालीपीठ असेल तर तसे आधी कळव.)

ता. क. दुसरा : अण्णांनी पत्र वाचले. त्यांचा मजकूर त्यांच्याच शब्दांत देतो : "पूजा, मला त्यातलं कायबी कळलं नाय. ढुंढिराजलाबी नाय, तो नुसता मान हलवत होता. रविवारी मीबी येतो, मागं बसतो."