अमर्याद म्हणजे किती?

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ते स्वतः कुरकुरतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. रोज संध्याकाळी आपण बोलतो, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. सांगते. पण आधी आमच्या इंटरनेटची लढाई ऐक. फोनवर मी ती काढली की तू दर वेळी ‘आई, ते नंतर’ म्हणतेस, आणि मला ती कुणाला तरी अथपासून इतिपर्यंत ऐकवल्याशिवाय चैन पडायचं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तुझ्या खोलीत बसून कॉम्प्युटरवरून गाणं शिकवायला लागले, तेव्हा आपण जुनं कनेक्शन सोडून हा अमर्याद प्लॅन घेतला, आठवतंय ना? जाहिरातीत एक बाई डोंगरावर हात पसरून उभी होती आणि खाली लिहिलं होतं, ‘मर्यादा विसरा’. मी विसरले. कंपनी विसरली नव्हती. महिन्याच्या सुरुवातीला सगळं लख्ख असायचं. महिना निम्मा सरला की समोरच्या शिष्यांचे चेहरे चौकोन चौकोन व्हायचे. आधी सूर यायचा, मग पुष्कळ वेळाने तोंड उघडायचं. माझी ती बँकेत काम करणारी विद्यार्थिनी आहे ना, तिला मी ‘वा’ म्हणायचे, पण ते तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती पुढच्या ओळीत बेसूर झालेली असायची. बिचारीला वाटायचं, हेच बरोबर. कितीतरी दिवस मी चुकीच्या जागांना दाद देत होते. शेवटी आमच्या तळमजल्यावरच्या दंतवैद्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, ज्या जिना चढायला नको म्हणून कॉम्प्युटरवरूनच शिकायच्या, त्या शिकवणी सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, “बाई, तुमचं शिकवणं फार छान, पण तुम्ही सारख्या गोठता हो.” मी गोठते! जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. तेव्हापासून माझं डोकं फिरलं.

पहिला संशय गेला वरच्या मजल्यावर. तिथे एक फिल्म एडिटर मुलगी राहायला आली होती आणि तिच्या येण्याच्या सुमारालाच आमचं नेट रडायला लागलं होतं. मला वाटलं, हीच आपलं वायफाय चोरते. मी पासवर्ड बदलला. इतका लांबलचक ठेवला की दोन दिवस आम्हालाच आत शिरता येईना. जिन्यात ती भेटली तर मी हसायचेसुद्धा नाही. एक दिवस तिनेच थांबवून विचारलं, “काकू, माझं काही चुकलं का?” मी आडून आडून विषय काढला, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, “माझं स्वतःचं कनेक्शन आहे हो, तुमच्यापेक्षा महागडं. तुमचं चोरून मी काय करू?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग नंबर लागला बाबांचा. गंजलेले पाने आणि अडकलेली कुलपं घासूनपुसून नवी करणाऱ्या माणसांचे व्हिडिओ ते तासन्‌तास बघतात, हे तुला ठाऊक आहे. मला वाटलं, सगळं नेट हेच पिऊन टाकतात. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी त्यांचा फोन काढून घ्यायला लागले. मध्येच उठून दाराच्या फटीतून बघायचे, टॅबलेट तर उघडला नाही ना. एकदा त्यांनी मला तसं पकडलं. म्हणाले, “इतकी वर्षं संसार केलास, माझ्यावर कधी संशय घेतला नाहीस, आणि आता एका गंजक्या पान्यावरून?” बोलले गमतीत, पण दुखावले होते. त्यांचा फोन कपाटात ठेवूनही चेहऱ्यांचे चौकोन काही गेले नाहीत, तेव्हा मी मुकाट्याने फोन परत केला.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला की दर वेळी तेच. राउटर बंद करा, चालू करा. इतक्या वेळा केलं की त्या बटणाचा रंग उडाला. मग गोड आवाजात, “मॅडम, आम्हाला तुमच्याकडे वेग पूर्ण दिसतोय. तुम्हीच मोजून बघा.” मी मोजला, तर काटा खरंच टोकाला! आणि त्याच क्षणी समोर बँकवालीचं नाक एका चौकोनात, कान दुसऱ्या. मला वाटलं, मलाच वेड लागलंय. जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर एडिटरबाई आणि माझी चांगलीच गट्टी जमली होती. ती म्हणाली, “काकू, वेग मोजायला बसलात की कंपनीला ते कळतं, तेवढ्यापुरता मोकळा रस्ता देत असणार. साहेब येणार म्हटलं की ऑफिस झाडतात ना, तसं.” हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

मी कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेपलीकडे टायवाला मॅनेजर. सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, “मॅडम, अमर्याद म्हणजे डेटा अमर्याद. वेग अमर्याद असं आम्ही कुठे म्हटलंय? वाजवी वापराच्या पुढे गेलं की वेग आपोआप कमी होतो.” मी म्हटलं, “म्हणजे पोटभर वाढणार, पण हातातला चमचा काढून घेणार?” तो हसला नाही. मी विचारलं, “वाजवी किती ते कोण ठरवतं?” म्हणाला, “सिस्टिम.” मग मी म्हटलं, “तुमची माणसं फोनवर तर छातीठोक सांगतात, वेग पूर्ण आहे म्हणून.” “मग तुमच्या लाइनवर बंधन नसेलच,” म्हणत त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

आता गंमत ऐक. दंतवैद्यांनी नुकतंच दवाखान्यासाठी याच कंपनीचं, हाच प्लॅन असलेलं कनेक्शन घेतलं होतं. नवं कोरं, फारसं न वापरलेलं. वहिनींनी शिकवणी सोडली असली तरी बोलणं सोडलं नव्हतं. त्यांच्याकडून जिन्यातून एक लांब वायर वर आणली, आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवले, एकाला आमचं नेट, एकाला त्यांचं, आणि दोन्हींवर एकच गाणं लावलं. त्यांच्यावर गाणारी बाई अंतरा संपवून पाणी प्यायली, तरी आमच्यावर ती अजून तोंड उघडत होती. एडिटरबाईने ते सगळं फोनवर टिपलं. बाबा वायर धरून उभे होते, कारण ती सारखी निसटायची. त्या चित्रफितीत त्यांचा हात आणि अर्धी लुंगी दिसते.

ती चित्रफीत मी टायवाल्याला त्याच्याच काउंटरवर दाखवली. मागे रांग होती, सगळे माना उंचावून बघायला लागले. एक जण म्हणाला, “अहो, आमचंही असंच होतं!” मग दुसरी बाई, मग तिसरा. प्रत्येकजण आजवर आपापल्या घरात कुणावर तरी चिडत होता, कुणी मुलांवर, कुणी शेजाऱ्यांवर. त्या रांगेतल्या सगळ्यांनी मिळून आम्ही वरपर्यंत तक्रार केली. चौकशी झाली. काही आठवड्यांनी फोन आला, की ‘तांत्रिक फेररचना’ करून तुमच्या लाइनवरचं बंधन काढलं आहे. माफी मागितली नाही हो त्यांनी. पण बंधन होतं, हे त्यांच्या तोंडून एकदाचं निघालं.

त्या संध्याकाळी वर्गात सगळे चेहरे असे स्वच्छ दिसले की बँकवालीच्या भुवईवरचा तीळ मला पहिल्यांदा कळला. वहिनी परत यायला लागल्या. आणि वर्ग संपल्यावर, आनंदाच्या भरात, मी तुला फोन लावला. तुझा चेहरा आला नाही. नुसता तुझ्या नावाचा काळा चौकोन. तू म्हणालीस, “आई, तुमच्याकडचं नेट ना, नेहमीचंच.” मी म्हटलं, “अगं, आजपासून सुसाट आहे.” तर लगेच म्हणालीस, “मग माझ्याकडचं असेल.” फार लगेच म्हणालीस.

संशयाची सवय वाईट असते, भिंगरी. ती कंपनीपाशी थांबली असती तर बरं झालं असतं. पण इतके महिने तुझा चेहरा दिसत नव्हता, अगदी महिन्याच्या सुरुवातीलासुद्धा, तरी त्याचं सगळं खापर मी कंपनीवर फोडलं होतं. आता ते खापर ठेवायला जागाच उरली नाही. चित्र नव्हतं, पण आवाज मात्र आता स्वच्छ येत होता, आणि माझी सारी जिंदगी आवाज ऐकण्यातच गेली. तुझ्या घरात तू बोललीस की आवाज मऊ यायचा. सोफा, गालिचा, भिंतभर जावईबापूंची पुस्तकं, ती सगळी आवाज पिऊन टाकायची. आता तुझा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. खोली रिकामी आहे. मधूनच मागे लिफ्टची घंटा वाजते. तुमचं घर तर तळमजल्यावर होतं, पुढे बाग असलेलं. तिथे लिफ्ट कुठली?

आणि जावईबापू. केव्हाही विचारावं, ते आंघोळीला गेलेले. इतक्या आंघोळी करणारा माणूस एव्हाना विरघळून गेला असता. एकदा मी जरा नेटाने विचारलं, तर तू म्हणालीस, “आई, आवाज तुटतोय,” आणि लाइन गेली. पण अगं, लाइन कशी तुटते हे मला आता पाठ झालंय. ती शब्दाच्या मध्येच तुटते, अर्धं अक्षर इकडे, अर्धं तिकडे. तुझी लाइन वाक्य संपल्यावर तुटली.

तरी मी स्वतःला खूप समजावलं. म्हटलं, तू बाबांना चोर ठरवलंस, त्या पोरीला चोर ठरवलंस, आता पोटच्या मुलीलाही सोडू नकोस. मग खात्री करून घ्यायला म्हणून नव्हे, म्हणजे खरं सांगायचं तर म्हणूनच, मी तुझ्यासाठी जाड कापडाचे पडदे शिवले आणि तुला न सांगता पाठवून दिले. खोली अशी घुमते, तिला पडदे हवेतच, असं मनाला सांगून. पंधरा दिवसांपूर्वी कुरिअरवाल्याचा फोन आला. म्हणाला, “या पत्त्यावर दुसरी फॅमिली राहते. आधीच्या मॅडम कधीच्याच घर सोडून गेल्या, एकट्याच.” मी त्याला पार्सल परत आणायला सांगितलं. बाबांना म्हटलं, माप चुकलं म्हणून परत मागवले. त्यांनी पडद्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ‘बरं’ म्हणाले. तेव्हापासून तुझा फोन आला की ते मागून ओरडून ‘जावई कुठे आहेत’ असं विचारत नाहीत. त्यांना किती कळलंय, मी विचारलेलं नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. घरचा पत्ता आता मला माहीत नाही, आणि फोनवर विचारलं तर तुला पुन्हा नेट हळू करावं लागेल. तशी वेळ मला तुझ्यावर आणायची नाही. त्या कंपनीशी मी भांडले, तुझ्याशी भांडायचं नाहीये. तिने स्वतःच्या फायद्यासाठी वेग कमी केला होता. तू केला असशील तर सध्या तुला तेवढाच झेपत असेल. काय झालं, कोण चुकलं, केव्हा, हे सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, वर्षभराने सांग, नाहीच सांगितलंस तरी माझं काही अडत नाही. आंघोळीचं मात्र आता पुरे. पडदे इथे समोर खुर्चीवर पडलेत, ते जुन्या घराच्या मापाचे आहेत. सध्या राहतेस तिथला पत्ता लिही, आणि खिडकी किती रुंद आणि किती उंच आहे ते लिही. मी उसवून पुन्हा शिवते आणि स्वतःच घेऊन येते, लावून द्यायला.

तुझीच,
आई