‘आये’ नावाचं फोल्डर

१२ नोव्हें., बुधवार
आत्ताच गोव्याहून कणकवलीत पोचले. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. आयेचं स्वरयंत्र काढावं लागणार. गाठ लहान, पण जागा वाईट. काढली तर जगेल, बोलणार मात्र नाही.
आये शांत ऐकत होती. शेवटी एकच विचारलं, पण आवाज इतका बसलेला की डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं, लिलाव पुकारता येईल का विचारतेय. बंदरावर मासळीचा लिलाव तीच पुकारते, मला कळतंय तेव्हापासून. डॉक्टरांनी मान हलवली.
नंतर तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज चांगला होता तेव्हाचं काही रेकॉर्डिंग असेल तर जमवा म्हणाल्या. त्यावरून तिच्या आवाजात बोलणारं अ‍ॅप बनवता येतं, आपण टाइप करायचं, फोन बोलतो. आत्ताचा आवाज नाही चालणार. गणपतीपासूनच तो घोगरा झालाय.
परतताना गाडी माझा भाऊ दिनू चालवत होता. कधी नव्हे तो गाणी न लावता.

१३ नोव्हें., गुरुवार
ऑफिसात काम करता करता आठवलं. व्हॉइस मेसेज! आयेला टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे मी कणकवलीत नोकरीला आल्यापासून रोजचं बोलणं बोलूनच पाठवते. काय शिजवलं, कोण भेटलं, मासळी कशी लागली. मागचा फोन भरला तेव्हा मी ते सगळे लॅपटॉपवर उतरवले होते, आणि तिथून क्लाउडवर. नंतरचेही तिथेच टाकून फोनवरून पुसत आले. ‘आये’ नावाचं फोल्डर.
जेवणाच्या सुट्टीत उघडायला गेले. फोल्डर नाही. नाव बदललं असेल म्हणून शोधलं. डिलीट केलेलं जिथे जातं ती कचरापेटी बघितली. तीही रिकामी.
घरी येऊन लॅपटॉप बघितला. तिथेही नाही. तो जुना फोन तर केव्हाच एक्स्चेंजमध्ये दिलेला, आणि आयेच्या फोनवरचे मीच वेळोवेळी पुसलेले.

१४ नोव्हें., शुक्रवार
दिनूनेच केलं.
घराच्या वरच्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो. खोल्यांचे फोटो, व्हिडिओ ठेवायला मीच त्याला माझ्या अकाउंटचा पासवर्ड दिलेला. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला, जागा संपल्याचा मेसेज आला, त्याने सगळ्यात जड फोल्डर उडवलं. तरी जागा मोकळी दिसेना, म्हणून कचरापेटीही साफ केली.
फोनवर मी विचारलं, फोल्डरवर नाव ‘आये’ होतं, तरी उघडून नाही बघितलंस?
“मी साइज बघलंय गो. नाव नाय बघूक.”
मग फोन कोणी ठेवेना. शेवटी मीच ठेवला.

१५ नोव्हें., शनिवार
सकाळभर क्लाउडवाल्यांची मदतीची पानं वाचली. माझ्या डोक्यात होतं की दोन ठिकाणी ठेवलंय, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहील. पण ही दोन्ही ठिकाणं एकमेकांना बांधलेली. त्याने फोनवरून उडवलं, ते क्लाउडवरून गेलं, आणि माझ्या लॅपटॉपवरूनही आपोआप गेलं. बॅकअप म्हणजे वेगळी, न बांधलेली प्रत. ती मी कधी काढलीच नव्हती.
कायमचं डिलीट झालेलं परत मिळावं म्हणून विनंती पाठवली. उत्तर आलं, मशीनचंच: विनंती मिळाली, तपासून कळवू, खात्री देता येत नाही.

१६ नोव्हें., रविवार
मालवणला घरी. दिनूशी बोलले नाही. वहिनी दोघांच्या मधून चहा घेऊन जात-येत होती.
आयेपासून लपवायचं ठरवलं होतं, पण तिला कळलंच. ओटीवर बसवून म्हणाली, म्हणजे जवळजवळ कुजबुजलीच, “आवाज जावचो तो जातलो. तुमी दोघां कित्या भांडतास?”
ऑपरेशनला तिने अजून हो म्हटलेलं नाही. विषय काढला की उठून जाते.
मी तरी म्हटलं, आत्ताचा आवाज घेऊन बघू. फोन समोर धरला, लिलाव पुकार म्हटलं. तिने सुरुवात केली. दोन शब्दांत खोकला. फोन माझ्या हातातून घेऊन उपडा ठेवला आणि मासे साफ करायला गेली.

१८ नोव्हें., मंगळवार
जुना लॅपटॉप!
हा घ्यायच्या आधीचा. बांद्याच्या मावशीच्या नीताला कोर्ससाठी दिला होता. देताना माझं अकाउंट त्यातून काढायचं राहून गेलं असणार.
नीताला फोन केला. ती म्हणाली, ताई, त्याचा चार्जर पावसाळ्यातच जळला, तेव्हापासून कपाटात आहे. म्हणजे दिनूने डिलीट केलं तेव्हा तो बंद होता. त्याला अजून काही कळलेलं नाही.
पण चालू करून तो त्यांच्या वायफायला लागला की त्याला कळणार, आणि तोही फोल्डर उडवणार. नीताला तीनदा बजावलं, कुणाचा चार्जर आणून लावू नकोस, हात लावू नकोस. ती जरा घाबरलीच.
दिनूला फोन केला. भांडणानंतर पहिल्यांदा. गुरुवारी येतंय, म्हणाला, एवढंच.

२० नोव्हें., गुरुवार
रजा टाकली. चार्जर घेतला. दिनू गाडी घेऊन आला, बांद्याला गेलो.
मावशीच्या यजमानांनी वायफायची पेटी भिंतीतून उपटूनच काढली होती. दिनूला तेवढ्याने चैन नाही. घरातले सगळे फोन गोळा केले आणि बाहेर गाडीत ठेवून आला, मावशीचा साधा फोनसुद्धा. मावशी म्हणाली, ह्येका काय झाला? मी म्हटलं, करू दे.
लॅपटॉप चालू व्हायला फार वेळ लागला. मावशीने घावणे पुढे ठेवले होते, कुणी हात लावला नाही.
फोल्डर होतं.
पण सगळं नाही. काही फाइलींवर बरोबरची खूण, काहींवर नुसता ढग. ढग म्हणजे इथे फक्त नाव आहे, खरी फाइल क्लाउडवर. आणि क्लाउडवर आता काहीच नाही. त्या लॅपटॉपवर मी जे मेसेज कधी उघडून पुन्हा ऐकले होते, तेवढेच पूर्ण आहेत. ढगवाले जास्त.
जे होतं ते हार्ड डिस्कवर घेतलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, पेन ड्राइव्ह दिनूच्या खिशात दिला. मग एक लावून बघितला.
“जेवलंस काय गो? बांगडे धाडलंय. यष्टीच्या ड्रायव्हराक विचार, फुडच्या सीटखाली पिशवी आसा.”
कसला खणखणीत आवाज. दिनू उठून अंगणात गेला. मावशी डोळे पुसत म्हणाली, घावणे थंड झाले, खा आता.
लॅपटॉप बंद करून तसाच घेऊन आले. नेटला लावायचा नाही.

२२ नोव्हें., शनिवार
आयेला सांगितलं, थोडे मिळाले. ऐकतेस? “आता नको. मगे ऐकतलंय.”
मग पाठमोरी होऊन म्हणाली, डॉक्टरांक सांग, येतंय म्हणान.
इतके दिवस सगळे समजावत होते तेव्हा नाही, आणि आज आपण होऊन. का, ते विचारलं नाही.

२७ नोव्हें., गुरुवार
ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं म्हणाले. मानेला श्वासासाठी भोक. शुद्धीवर आल्यावर तिने तोंड उघडलं, सवयीने. काही आलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. दिनू तिचा पाय धरून उभा होता.
जास्त लिहवत नाही.

९ डिसें., मंगळवार
आये घरी. पाटीवर लिहिते, चौथीपर्यंतचं अक्षर, पण स्पष्ट.
मिळालेल्या मेसेजांवरून थेरपिस्ट बाईंनी अ‍ॅप तयार करून पाठवलं. मी टाइप केलं, फोन बोलला: “मला पाणी हवे आहे.” आवाज तिचाच. अगदी तिचा. पण मालवणी त्याला येत नाही. मालवणीत टाइप केलं की शब्द मोडून टाकतो. नुसतं पुस्तकी मराठी.
आयेने नीट ऐकलं, पाटीवर लिहिलं: ही मास्तरीण खयची?
खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून वहिनी धावली. हसत होती. मग आम्हीही.
अ‍ॅप फोनवर ठेवलंय. डॉक्टरांकडे उपयोगी पडेल. घरात ती वापरेल असं वाटत नाही.

१४ डिसें., रविवार
दुपारी जेवणं झाल्यावर आयेने स्वतःच फोनकडे बोट केलं. म्हणजे, जुने मेसेज लाव.
ओटीवर बसलो, ती, दिनू, वहिनी, मी. एकेक लावत गेले. आये डोळे मिटून. स्वतःचा आवाज ऐकताना तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा, जसं काही शेजारीण बोलतेय. एका मेसेजमध्ये ती वाडीतल्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती. मध्येच मागून बारीक आवाज: “मीठ खंय ठेवलंस गो?” आणि आये, फोन तोंडाशी तसाच धरून: “थंयच आसा. डोळे उघडून बघा.” आणि लग्नाचं पुढे.
बाबा.
ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांना फोनवर बोलायचा संकोच, फोटोसुद्धा काढू देत नसत. त्यांचा आवाज कुठे उरला असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी हा मेसेज पूर्वी ऐकलाय, दोनदा तरी. तेव्हा ते आत स्वयंपाकघरात होते, त्यात ऐकण्यासारखं काय होतं.
आयेने डोळे उघडले. बोट फिरवून दाखवलं, परत. लावलं. परत. किती वेळा ते माहीत नाही. दिनू मान खाली घालून बसलेला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.
मग पाटी ओढली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. माझ्यापुढे धरली:
रवलेल्यांत ह्ये आसत?
मी म्हटलं, राहिलेल्यांत बाबा आहेत की नाही, माहीत नाही गो. त्यांवर नुसत्या तारखा आहेत.
क्लाउडवाल्यांचं पान उघडून दाखवलं. विनंती तपासली जात आहे, एवढंच. इंग्रजी तिला वाचता येईना म्हणून मी वाचून सांगितलं. तिने मान डोलावली. फोन मला परत दिला नाही, मांडीवर ठेवून त्या पानाकडे बघत बसली.