जोतं सोडून बाकी घर

२२ मे १९६२
सुगंधाचं पत्र आलं. घराचा पश्चिमेचा कोपरा खचला. जोत्याचे तीन चिरे खाली बसले आणि वरच्या भिंतीला भेग गेली — "माझी मूठ आत जाते दादा, तुझी जायची नाही." बहीण सातवी शिकली, त्यामुळे असं लिहिते की डोळ्यापुढे दिसतं.
पण मी घाबरलो नाही. माझ्याकडे विम्याचा कागद आहे! गेल्या वर्षी एजंट इथे कांडला बंदरात आला तेव्हा आमच्या कोकणातले सगळे हसले होते. "चिऱ्यांच्या घराक विमो? उद्या म्हशीक चष्मो घेशीत." आता हसा म्हणावं.

२४ मे
बोटीवर खलाशी भरणारा सारंग म्हणाला, जुलैत बोट येते, दोन माणसं घेणार. एडन, मग पुढे. माझं नाव घालतो म्हणाला. चार वर्षं ह्या मिठाच्या मैदानात पोती वाहिली, आता पुरे. विम्याचे पैसे आले की शेजारचा शिवाकाका गवंडी लावील, मी मोकळा. घरी गेलो तर संपलं. आधी जोतं, मग सुगंधाचं लग्न, मग मी तिथलाच.

२७ मे, रविवार
गांधीधामला एजंटाच्या घरी गेलो. सोबत विश्राम — कुणकेश्वरचा, गोदीत कारकून, इंग्रजी वाचतो. त्याने कागद वाचला. आग, वीज, वादळ, सगळं आहे. मग खाली बारीक अक्षरात — जोतं आणि पाया सोडून.
मी म्हटलं, सोडून म्हणजे? एजंट चहा ओतत म्हणाला, "भाई, पाया कभी जलता है क्या?" जळत नाही म्हणून धरत नाहीत. आणि घर खचण्याचं तर कागदात नावच नाही. बिस्किटं पुढे केली. मी दोन खाल्ली. राग आला होता तरी खाल्ली.

२८ मे
जेवताना विश्राम म्हणाला, "जोत्याचे नाय देत, पण भिंतीचे देतत मा? वादळात पडली तर देतले." मग हळू आवाजात — "टेकू लावू नको म्हणान घराक कळय. पावसात पडतलीच ती. वादळान पडली म्हणान मी लिवतंय इंग्रजीत."
दिवसभर तेच डोक्यात.

२९ मे
पत्र टाकलं. चार ओळी. टेकू लावू नका. गवंड्याला बोलावू नका. भिंत पडायची तर पडू दे. पडली की लगेच मला कळवा.

३ जून
आज काम नव्हतं. काम नसलं की वाईट.
घर बांधताना त्या कोपऱ्यात वारूळ होतं. आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात. सातेरी देवीचं रूप, त्याला कोणी कुदळ लावत नाही. बाबांनीही लावली नाही. घर दोन हात सरकवावं तर पलीकडे शिवाकाकाची हद्द. मग जोतं रोयणीभोवती फिरवलं आणि तिला खोलीच्या आत घेतलं. मी लहान असताना ती माझ्या गुडघ्याला लागायची. आता कमरेएवढी असेल. खालची माती वाळवीने पोकळ केली असणार. देवीचीच वाळवी, तिला कोण काय बोलणार?
आणि आये रोज तिन्हीसांजेला तिथेच बसते. रोयणीपुढे दिवा लावते, भिंतीला पाठ टेकते, गाऱ्हाणं घालते. त्यात पहिलं नाव माझं.
मी पत्रात आयेचं काही लिहिलंच नाही. एक ओळ नाही.

४ जून
विश्रामला म्हटलं, तार करतो. तो म्हणाला, "तार म्हणजे लेखी पुरावो. आवशीक भिंतीकडसून हलया अशी तार केलंस, म्हणजे भिंत पडतली ह्या तुका म्हायत होता. मगे खंयचा वादळ नि खंयचो विमो?"

७ जून
तरी पोस्टात गेलो. तारेचा फॉर्म घेतला. आयेचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, पोस्ट लिहिलं. पुढे शब्द सुचले नाहीत. सुचले होते. पोस्टमास्तर म्हणाला, "लिखना है तो लिखो." फॉर्म खिशात घालून परत आलो.

८ जून
फॉर्म अजून खिशात.

१२ जून
सारंगाने माझं नाव घातलं. बोटीसाठी फोटो काढला. शर्ट विश्रामचा.

१६ जून, शनिवार
बंदराच्या काठीवर वादळाची खूण चढली. खाली रत्नागिरी-मालवणकडे आहे म्हणतात. इथे पान हलत नाही. हातातून दोनदा पोतं सुटलं. मुकादम म्हणाला, "आज ध्यान किधर है?"
तिकडे तिन्हीसांज इथल्याआधी होते. इथे ऊन होतं तेव्हाच दिवा लागला असेल.

१७ जून
रविवार. पोस्टाला कुलूप.

१८ जून
तार केली. आयेला भिंतीपासून हलवा. विश्रामला सांगितलं नाही. मास्तर म्हणाला, तिकडची लाइन पडली आहे, जाईल तेव्हा जाईल.

२३ जून
काही नाही. सारंग विचारतो, कपडे घेतले का?

२९ जून
सुगंधाचं पत्र. शनिवारी तिन्हीसांजेला भिंत आत पडली. रोयणीवर, आयेच्या पाटावर. आये पडवीत होती.
"तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, पण त्यात होतं ते नाही. म्हटलं, लवू लिहितो, मी येईपर्यंत दिवा पडवीत लाव. माझं ऐकत नव्हती. तुझं म्हणून ऐकलं. तुझी तार बुधवारी आली, ती कोणाला न दाखवता चुलीत घातली. आये वाडीभर सांगते, माझ्या लवूक थयसर कांडल्याक बसान दिसला. देवीला कौल लावला, तो असा आला — पहिला चिरा तुझ्या हाताने बसवायचा आहे. कधी येतोस, विचारते. ह्या वेळी तू लिहिशील तेच वाचीन."